तीन लाल की दोन?

रात्री उतरायला आलेल्या विमानाच्या कॉकपिटमधून धावपट्टीच्या डाव्या अंगाला चार दिवे एका ओळीत दिसतात. त्यांना 'पापी' म्हणतात. नाव मराठी कानाला विचित्र लागतं, पण ते 'प्रिसिजन अप्रोच पाथ इंडिकेटर', म्हणजे उतरण्याची वाट अचूक दाखवणारी खूण, या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून पडलंय. प्रत्येक दिव्याच्या झोताचा वरचा भाग पांढरा, खालचा लाल. चारही झोत किंचित वेगळ्या कोनांत लावलेले: २ अंश ३० मिनिटं, २ अंश ५०, ३ अंश १० आणि ३ अंश ३०. विमान ३ अंशांच्या उतारावर नीट येत असेल तर डावीकडून दोन पांढरे आणि धावपट्टीकडचे दोन लाल दिसतात. जरा खाली गेलं की तिसरा लाल होतो. चारही लाल दिसले तर विमान धोकादायकरीत्या खाली आलंय.

रंगांच्या तपासणीत नापास झालेल्या आणि तरीही एअरलाइनमध्ये वैमानिक व्हायचं म्हणणाऱ्या मुलाचा प्रश्न फिरून फिरून या दिव्यांपाशीच येतो. त्याला दोन लाल आणि तीन लाल यांतला फरक वेळेत कळतो का?

अशा मुलाला सरसकट 'रंगांधळा' म्हणतात. मला हा शब्द खटकतो, कारण त्याला जग काळंपांढरं दिसत नसतं. आपल्या दृष्टिपटलावर तीन प्रकारच्या शंकूपेशी असतात. लाल-हिरव्याचा भेद करणाऱ्या दोन पेशींची जनुकं एक्स गुणसूत्रावर अगदी शेजारी शेजारी बसलेली असतात आणि एकमेकांशी इतकी मिळतीजुळती, की पिढी बदलताना त्यांची सहज अदलाबदल होते. एखाद्यात एक प्रकारची पेशीच नसते. बहुतेकांत मात्र तीनही असतात, फक्त दोघींचे रंगपट्टे जवळ सरकलेले असतात. अशाला मिरचीच्या झाडावर पिकलेली मिरची दिसते, पण शोधावी लागते.

हे आजोळचं देणं. पुरुषाकडे एक्स गुणसूत्र एकच, आणि ते आईकडून आलेलं. त्यामुळे आईचे वडील किंवा मामा यांच्यात हा दोष असेल, तर नातवात किंवा भाच्यात तो उतरण्याची शक्यता बरीच. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के जणांना तो असतो, बायकांत अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

ठिपक्यांत लपलेला आकडा ओळखायची ती प्रसिद्ध चाचणी शिनोबू इशिहारा या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली काढली. दोष पकडण्यात ती पटाईत आहे. तो किती आहे हे मात्र ती धड सांगत नाही. ताप आहे एवढंच सांगणारा, पण ९९ की १०४ ते न सांगणारा थर्मामीटर समजा. त्यावर कोणाचं करिअर ठरवावं?

दुसरी बाजूही खरी आहे. २६ जुलै २००२ च्या पहाटे अमेरिकेत टॅलाहासी इथे फेडेक्सचं बोइंग ७२७ धावपट्टीच्या अलीकडेच झाडांत कोसळलं. पापीचे दिवे समोर होते. विमान चालवणाऱ्या सहवैमानिकाला रंगदोष होता आणि त्यासाठी त्याला रीतसर सवलत मिळालेली होती. चौकशीत त्याच्या रंगदृष्टीची नोंद अपघाताला हातभार लावणारं एक कारण अशी झाली. पण कॉकपिटमध्ये आणखी दोघं होते, दोघांची रंगदृष्टी ठणठणीत होती, आणि त्यांनीही काही म्हटलं नाही. चौकशीत थकव्यावर बोट ठेवलं गेलं. तिघं वाचले. एकाच अपघातातून दोन्ही पक्षांना आपापला पुरावा सापडतो, म्हणूनच हा वाद मिटत नसावा.

यातून शहाणी वाट काढली ती लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीतल्या जॉन बार्बर यांच्या गटाने. त्यांच्या 'कॅड' चाचणीत पडद्यावर लुकलुकणाऱ्या ठिपक्यांतून एक रंगीत चौकोन सरकतो आणि तो कुठल्या दिशेला गेला ते बटण दाबून सांगायचं. रंग फिका फिका होत जातो. निरोगी तरुण डोळ्याला सरासरी जेवढा रंग लागतो तो १ धरला, तर तुम्हाला किती पट लागतो हा तुमचा आकडा. मग त्यांनी हे आकडे पापीचे दिवे ओळखण्याशी ताडून पाहिले. हिरव्याच्या पेशीत दोष असलेल्यांना ६ पर्यंत अडचण नाही, लालच्या पेशीत दोष असलेल्यांना थेट १२ पर्यंत!

लालचा दोष असणाऱ्याला जास्त सूट? कारण मोठं गमतीचं आहे. त्याला लाल दिवा मंद दिसतो. पांढरा झगझगीत आणि लाल मिणमिणता, म्हणजे रंग नाही कळला तरी फरक कळतो. या मर्यादा लावल्या तर रंगदोष असलेल्यांतले साधारण एक तृतीयांश वैमानिक होऊ शकतात, असं त्या अभ्यासात निघालं. अमेरिकेनेही १ जानेवारी २०२५ पासून नव्या उमेदवारांसाठी संगणकावरच्या चाचण्या आणल्या.

ऑस्ट्रेलिया याच्या कितीतरी आधी निराळ्या वाटेने गेला. आर्थर पेप हे डॉक्टर आणि वैमानिक, स्वतः रंगदोष असलेले. त्यांनी न्यायाधिकरणात दाद मागितली, आणि त्यांच्या व पुढे १९८९ च्या, डेनिसन या रंगदोष असलेल्याच वैमानिकाच्या प्रकरणामुळे तिथली दारं बरीच उघडली. योगायोग असा, की धावपट्टीचे निराळे दिवेही याच देशाने घडवले होते. टी-व्हॅसिस. विमान वर असेल तर उलटा 'टी', खाली असेल तर सुलटा, नीट असेल तर नुसती आडवी रेघ. सगळं पांढऱ्या दिव्यांत, आकारावर. लाल फक्त फारच खाली गेल्यावर. म्हणजे उताराची खूण रंगातच सांगायला हवी असं काही नव्हतं. पण जगभर पापी रुळला आणि टी-व्हॅसिस मागे पडला.

आपल्याकडे डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाची, वैद्यकीय तपासणी आधी प्राथमिक क्लास टू, मग व्यावसायिक परवान्यासाठीची क्लास वन अशी होते. गोंदिया किंवा बारामतीच्या फ्लाइंग स्कूलची लाखोंची फी भरून झाल्यावर ठिपक्यांच्या पुस्तकापुढे बसण्यात काही अर्थ नाही. तपासणी आधी करा, आणि दोष निघालाच तर तो कुठल्या प्रकारचा व किती, हे नेत्रतज्ज्ञाकडून लेखी घ्या. रंगीत चष्म्याच्या जाहिरातींना भुलू नका. त्या काचा काही रंग गाळून उरलेल्यांतला फरक ठळक करतात, पेशी बदलत नाहीत, आणि तो चष्मा लावून दिलेली चाचणी वैमानिकाच्या तपासणीत धरत नाहीत.