मॉरिशस टूर : पोर्ट लुईच्या मार्केटला जायच्या आधी एवढं वाचा

आपल्या टूरमध्ये पोर्ट लुईच्या सेंट्रल मार्केटला अख्खी सकाळ दिलीय. बीच सोडून भाजी मंडईत काय बघायचं असं बरेच जण फोनवर विचारतात, तर या बेटावर कोण कुठून आलं ते आमच्या मते सगळ्यात छान इथेच दिसतं. आफ्रिका आणि मादागास्करहून गुलाम म्हणून आणलेली माणसं, 1834 पासून उसाच्या मळ्यांवर आणलेले गिरमिटिया म्हणजे करारावरचे मजूर, त्यात बिहारी, तमिळ, तेलुगू आणि आपल्या कोकणातलेही, शिवाय चिनी व्यापारी... सगळ्यांच्या नातवंडा-पतवंडांची भाजी आज एकाच छपराखाली. दोडका, कारली, शेवग्याचा पाला, अळू, कढीपत्ता आणि त्याच ओळीत चायनीज कोबी, चौ चौ (हिरवी, पेरूएवढी वेलभाजी).

अननस मात्र चुकवू नका. व्हिक्टोरिया जातीचा, छोटा आणि खूप गोड. विक्रेता देठ न काढता तोच धरून तिरक्या खाचा मारत सगळे डोळे काढतो, उभे चार भाग करतो आणि वर तिखट-मीठ. तिथेच उभं राहून खायचा.

नाश्ता मुक्कामी कमीच करा, कारण इथे ढोल पुरी मिळते. आपल्या पुरणपोळीची तिखटामिठाची बहीण म्हणा, आत चण्याची डाळ, पातळ मऊ, जोडीनेच देतात, त्यावर वालासारख्या दाण्यांची करी, टोमॅटोचं रुगाय (मसालेदार रस्सा) आणि चटणी. शाकाहारी मंडळींनी बिनधास्त खावी, पण चटणी आधी चाखून बघा, मिरची जोरात असते. मग आलुदा प्या, दूध, सब्जा आणि अगर-अगर (समुद्री शेवाळाची जेली) घातलेला गार. मांस-मासळीचा विभाग वेगळा आहे, तिकडे जायची सक्ती नाही.

खरेदीचं म्हणाल तर कॅश ठेवा, तीही सुट्टी. तिथलाही रुपयाच, पण आपल्यापेक्षा महाग, म्हणून भाव ऐकून डोक्यात हिशोब करा. पाटीवरचा भाव किलोचा की अर्ध्या किलोचा ते आधी विचारून घ्या. विक्रेते आपसात क्रिओल ही तिथली बोली बोलतात, इंग्रजी चालतं, हिंदीही बऱ्याच जणांना कळते. कापडी पिशवी घरूनच न्या, प्लास्टिकच्या पिशव्यांवर तिथे 2016 पासून बंदी आहे. वरच्या मजल्यावर कपडे आणि शोभेच्या वस्तू आहेत, तिथे घासाघीस चालते, भाजीवाल्यांशी नका करू प्लीज, दोन-चार रुपयांसाठी बरं दिसत नाही.

मार्केटपासून चालत जवळच आप्रवासी घाट आहे, मजुरांना जिथे उतरवायचे तीच जागा, 2006 पासून युनेस्कोच्या यादीत. रविवारी तो बंद असतो आणि मार्केटही लवकर आवरतं, म्हणून आपण रविवार टाळतो.

आणि हो, भारतातून निघताना ताजी मिरची, लिंबं, कढीपत्ता बॅगेत भरू नका, परवान्याशिवाय ताजी फळं-भाज्या, बिया नेता येत नाहीत. सगळं तिथेच मिळतं आणि आपल्या अपार्टमेंटला किचन आहेच, मार्केटमधून अळू घेतलंत तर संध्याकाळी फतफतं होऊन जाऊ दे, चिंच-गूळ किचनमध्ये आम्ही ठेवतो.