'रायगड' या अक्षरांत रायगडाचा फोटो

शिवजयंती जवळ आली की चौकातल्या फ्लेक्सवर हा प्रकार हमखास दिसतो. जाडजूड अक्षरांत 'रायगड' लिहिलेलं आणि अक्षरांच्या आत गडाचा कडा, गवत, पावसाळी ढग. बघणाऱ्याला वाटतं, फोटो कापून अक्षरांत बसवलाय. संगणक मात्र काहीच कापत नाही. फोटो अख्खा तिथेच असतो. त्यातला कोणता ठिपका किती दिसू द्यायचा, एवढंच अक्षर ठरवतं.

फोटोशॉपमध्ये नवखी मंडळी अक्षरांचा लेयर, म्हणजे थर, वर ठेवतात आणि अडकतात. अक्षरं खाली हवीत, फोटो वर. मग ऑल्ट दाबून दोन्ही लेयरच्या मधल्या रेषेवर क्लिक केलं की झाला क्लिपिंग मास्क, म्हणजे फोटो फक्त अक्षरांच्या आकारातच दिसतो. कोरल ड्रॉवाले याच कामाला 'पॉवरक्लिप' करणं म्हणतात.

यामागचं गणित गुणाकाराचं आहे. पिक्सेलला, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्याला, लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. चौथा असतो अल्फा, म्हणजे तो पिक्सेल किती झाकलेला आहे याचं 0 ते 1 मधलं माप. ही कल्पना 1970 च्या दशकाच्या अखेरीस न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी मांडली. लुकासफिल्ममधल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी 1984 मध्ये एका शोधनिबंधात तिचं अंकगणित पक्कं केलं. या चौघांना पुढे ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कारही मिळाला. त्या निबंधातली 'इन' नावाची क्रिया म्हणजेच आपलं अक्षरातलं चित्र: फोटोचा पिक्सेल गुणिले अक्षराचा अल्फा.

रांगोळीच्या छापात एक तर भोक असतं, नाही तर नसतं. अल्फाला मधलंही चालतं, आणि सगळी गंमत त्या मधल्यात आहे. 'ग'च्या गोलाईची कडा एखाद्या पिक्सेलच्या बरोबर मधून गेली, तर तिथे अल्फा साधारण निम्मा. समजा, फोटोतल्या गवताचा हिरवा आकडा 140 आहे आणि मागची पाटी पांढरी, म्हणजे सगळ्यात मोठा आकडा 255. दोन्हींचं निम्मं-निम्मं घेतलं की त्या पिक्सेलला 198 च्या आसपास आकडा मिळतो. अशा मधल्या पिक्सेलमुळेच गोलाई गुळगुळीत दिसते. त्यांना काढून टाका, पायऱ्या पायऱ्या दिसू लागतील.

देवनागरीत याच निम्म्याने एक वेगळाच घोळ होतो. 'रायगड'वरची शिरोरेषा सलग दिसते, पण बहुतेक फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आणि काना आपापला तुकडा घेऊन येतो. दोन तुकडे नेमके एका पिक्सेलच्या मध्यात भेटले, तर डावा निम्मा पिक्सेल झाकतो आणि उजवा निम्मा. बेरीज पूर्ण व्हायला हवी. पण अल्फाला किती झाकलं एवढंच कळतं, कोणती बाजू झाकली ते कळत नाही. तो पहिल्याचे 50 टक्के धरतो, उरलेल्याचे निम्मे म्हणजे 25 टक्के त्यात मिळवतो आणि 75 वर थांबतो. उरलेल्या 25 टक्क्यांतून मागची पाटी डोकावते आणि शिरोरेषेवर केसासारखी उभी चीर दिसते. म्हणून फॉन्ट करणारे शिरोरेषेचा तुकडा थोडा पुढे काढून शेजारच्यावर चढवतात. इंग्रजी पोस्टर बघून अक्षरांतलं अंतर वाढवणाऱ्यांनी मात्र या सगळ्यावर पाणी फिरवलेलं असतं. तिथे शिरोरेषा सरळ तुटते, आणि ते फारच वाईट दिसतं.

फॉन्ट जाडच हवा. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा 'बालू' मोफत मिळतो आणि त्याच्या अंगात फोटो मावतो. बारीक अक्षरांत गडाचा कडा नुसते करडे डाग होऊन बसतो.

फोटोत पांढुरकं आभाळ असेल आणि पाटीही पांढरी, तर अक्षराचा वरचा भाग विरून जातो. मास्क तिथे काही करू शकत नाही. त्याने आकार चोख दिलेला असतो, रंगच मागच्याशी मिळून जातो. अशा वेळी अक्षरांना बारीक गडद आउटलाइन देतात. कोरलमध्ये ती देण्याआधी अक्षरं वेगळी करून 'वेल्ड' करावी, म्हणजे जोडून एकसंध आकार करावी लागतात, नाही तर एकमेकांवर चढलेल्या तुकड्यांच्या कडाही शिरोरेषेत उमटतात. घाईत त्याऐवजी 'कम्बाइन' दाबलं, तर तुकडे एकमेकांवर चढलेल्या प्रत्येक जोडावर भोकच पडतं आणि सगळे जोड मोजता येतात.