‘फ्रँकेन्स्टाइन’ मेरी शेली यांचीच

‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी वस्तुतः कवी पर्सी शेली यांनी लिहिली आणि नाव तेवढे पत्नी मेरी यांचे लागले, असे आजही सांगितले जाते. या गैरसमजाचे मूळ एका परीक्षणात आहे. १८१८ साली पुस्तक लंडनमध्ये निनावी निघाले, प्रस्तावना पर्सी यांनी लिहिलेली होती, आणि स्कॉटिश कवी-कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांनी आपल्या गौरवपर परीक्षणात लेखक म्हणून त्यांचेच नाव घेतले. मेरी यांनी त्याच वर्षी जूनमध्ये स्कॉट यांना पत्र लिहून खुलासा केला, तरी समज उरलाच.

ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हस्तलिखित मात्र निःसंदिग्ध आहे. मजकूर मेरी यांच्या हातचा, त्यावर पर्सी यांच्या दुरुस्त्या. कादंबरीतील फ्रँकेन्स्टाइनने घडवलेल्या, नुकत्याच जिवंत झालेल्या जीवाच्या वर्णनात मेरी यांनी योजलेला ‘देखणा’ या अर्थाचा शब्द खोडून पर्सी यांनी तेथे ‘सुंदर’ या अर्थाचा शब्द घातला, आणि तो बदल खरोखर चांगला आहे. पण सुमारे ७२,००० शब्दांत त्यांची भर चार-पाच हजारांची. एवढे काम साक्षेपी संपादकही करतो. अठराव्या वर्षी ही कथा रचू लागलेल्या लेखिकेचे श्रेय त्याने तसूभरही घटत नाही. १८२३ च्या दुसऱ्या आवृत्तीवर तर मेरी यांचेच नाव छापलेले आहे.