क्रॅश: थ्रॅश मेटल की डेथ मेटल?

दक्षिण कोरियात थ्रॅश मेटलची, म्हणजे हेवी मेटल संगीताच्या वेगवान, आक्रमक शाखेची, वाट पाडणाऱ्या क्रॅश या बँडला पहिल्यांदा ऐकणारा श्रोता त्याला हमखास डेथ मेटल या अधिक जड, गुरगुरत्या गायनाच्या शाखेत जमा करतो, कारण गायक आणि बासवादक आन हुंग-चान यांचा घशाच्या तळातून येणारा खरखरीत आवाज. माझ्या मते ही ओळख चुकीची आहे. या दोन शैलींतला फरक गळ्यापेक्षा गिटारवादकाच्या उजव्या हातात अधिक नेमका सापडतो.

थ्रॅशमध्ये वादक तळव्याची कड ब्रिजजवळ (तारा गिटारच्या अंगावर जिथे टेकतात तिथे) तारांवर हलकेच टेकवून ठेवतो आणि पिक, म्हणजे तारा छेडण्याची छोटी चकती, बहुतेक वेळा वरून खालीच मारतो, त्यामुळे प्रत्येक स्वर तुटक व कोरडा उमटतो आणि दोन स्वरांमधली क्षणभराची शांतताही लयीचा भाग होते. डेथ मेटलमध्ये तारांचा स्वर बराच खाली उतरवलेला असतो, पिक खाली-वर इतक्या वेगाने फिरते की स्वर एकमेकांत मिसळून त्यांची सलग घरघर होते, आणि ड्रमवादकही अनेकदा एकसारखा मारा करत राहतो.

१९९१ मध्ये सोलमध्ये उभ्या राहिलेल्या क्रॅशचा पहिला अल्बम, 'एन्डलेस सप्लाय ऑफ पेन', १९९४ मध्ये आला. त्याचे निर्माते कॉलिन रिचर्डसन यांनीच आदल्या वर्षी कार्कास या ब्रिटिश बँडच्या 'हार्टवर्क'ची निर्मिती केली होती. डेथ मेटलच्या ध्वनिमुद्रणात मुरलेल्या माणसाने हाताळलेला हा अल्बम जड वाटतो, यात नवल नाही. तरीही त्यातल्या रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारे गिटारचे छोटे तुकडे, तुटक आणि ठोसेबाजच आहेत. त्याच वर्षी सो ताएजी अँड बॉइज या लोकप्रिय कोरियन पॉप गटाच्या, कोरियन शिक्षणपद्धतीवर तुटून पडणाऱ्या 'क्लासरूम आयडिया'मध्ये आन यांचा आवाज घुमला, आणि मेटल कधीही न ऐकलेल्या घरांतही तो पोहोचला. ते गाणे उलटे वाजवल्यास सैतानी संदेश ऐकू येतो, अशी अफवाही देशभर पसरली.

पुढे बँड बदलत गेला. २००० च्या 'टर्मिनल ड्रीम फ्लो'मध्ये इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि इंडस्ट्रियल, म्हणजे यंत्रांच्या खडखडाटासारखे, वळण आले, ते काही जुन्या चाहत्यांना परके वाटले असेल, पण मला ते धाडस मोलाचे वाटते. २०१० च्या 'द पॅरागॉन ऑफ अॅनिमल्स'मध्ये गिटार पुन्हा अग्रभागी आली. पहिल्या अल्बमपासूनच्या या सोळा वर्षांत आवाजाचा पेहराव बदलला, तरी तारांवर टेकलेला तळवा दोन्ही टोकांना तसाच ऐकू येतो.