‘हालते त काढून टाका’: हिरड्यांच्या उपचारांमागचा इतिहास

विदर्भातल्या आठवडी बाजारात पूर्वी हमखास एक दातवाला दिसायचा. खाली गोणपाट, त्यावर उपटलेल्या दातांचा ढीग. तोच त्याचा बोर्ड. ‘हालते त काढून टाका,’ हा सल्ला, आणि त्याच जागी शेजारच्या दातांना तारेनं बांधून, गुलाबी मसाला थापून पक्का केलेला नवा दात. मसाल्याखाली हिरडी सडत राहायची. त्याला हसणं सोपं आहे. पण शंभर वर्षांपूर्वी इंग्लंड-अमेरिकेतले भलेभले डॉक्टरही दात उपटायलाच सांगत होते.

दुखणं जुनंच. सुश्रुतसंहितेत दंतमूळाच्या रोगांमध्ये ‘दंतवेष्ट’ आहे: पू-रक्त येतं, दात हालतात. आपण ज्याला पायोरिया म्हणतो तो हाच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले दंतवैद्य जॉन रिग्ज हालणारे दात काढण्याच्या विरोधात होते. मुळांवरचं किटण खरवडा, दात वाचतील, असं ते सांगत. मग १९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरांनी माँट्रियलच्या भाषणात तोंडातल्या घाणीचा संबंध साऱ्या शरीराच्या आजारांशी जोडला. त्यांचा मुख्य रोख घाणेरड्या कॅप-ब्रिजवर होता, पण पुढची काही दशकं सांधेदुखीसाठीसुद्धा अख्ख्या बत्तीशा काढल्या गेल्या.

या गोंधळातून वाट काढली ती एका साध्या प्रयोगानं. १९६५ मध्ये डेन्मार्कात दंत-संशोधक हॅराल्ड लो आणि सहकाऱ्यांनी निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणं बंद करायला लावलं. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणं सुरू करताच आठवडाभरात उतरल्या. म्हणजे दगडासारखं किटण नव्हे, त्याआधी दातावर बसणारा जंतूंचा मऊ थर हा खरा गुन्हेगार. सूज तिथेच थांबली तर हिरडी पूर्ववत होते. खालचं हाड झिजलं की ते आपोआप भरून येत नाही.

झिजलेल्या हाडासाठी काय करायचं? हिरडी उचलून मुळं साफ करायची शस्त्रक्रिया, म्हणजे फ्लॅप, विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच होती. पण टाके घातल्यावर हिरडी भराभर वाढून पोकळी व्यापते आणि सावकाश वाढणाऱ्या हाडाला जागाच उरत नाही. १९८२ मध्ये नायमन आणि लिंडे या दंत-संशोधकांच्या गटानं मध्ये पडदा घालून हिरडीला रोखलं. शेताला कुंपण घालावं तसंच. हाड भरण्याचे आजचे बरेचसे उपचार याच कल्पनेवर उभे आहेत. दात गेलाच तर इम्प्लांट, म्हणजे हाडात बसवलेलं कृत्रिम मूळ: स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांनी १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू पहिल्यांदा बसवला. पण त्यालाही पकडायला हाड लागतंच.

नागपूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६८ चं, वर्ध्याजवळ सावंगी (मेघे) इथलं १९९१ चं. त्यामुळे हे उपचार आता एसटीच्या अंतरावर आले. अडचण आहे ती पेशंट उशिरा पोचण्याची. त्यात खर्राचा, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या मिश्रणाचा, मोठा वाटा. पन्नीत घोटलेला खर्रा गालात जिथे दाबून धरतात, तिथली हिरडी खाली सरकते, मूळ उघडं पडतं. बिडीवाल्याची फसगत वेगळी: धुरामुळे हिरडीतून रक्तच कमी येतं, आणि आत हाड झिजत असूनही सगळं ठीक वाटतं.

शिवाय ‘सफाई केली की दात ढिले होते’ ही भीती. तिला थोडा आधारही आहे. वर्षानुवर्षांचं किटण दातांना सिमेंटसारखं जखडून ठेवतं. ते निघालं की आधीच ढिला झालेला दात पहिल्यांदा जाणवतो. बदनामी होते डॉक्टरची.

फ्लॅपनंतर साधारण दर तीन महिन्यांनी तपासणी-सफाई लागते, नाहीतर हिरडी पुन्हा सुटते. दिवाळीआधी ऑपरेशन झालेल्या माणसाची पहिली तारीख नेमकी कापसाच्या वेचणीत येते.