आमच्याकडे औषध का मिळत नाही, आणि मग जायचं कुठे
(पाचपाखाडीतल्या आमच्या ग्राहकांसाठी)

"दादा, टफीला जुलाब लागलेत, एखादी गोळी द्या ना." काउंटरवर हे रोज ऐकतो. आम्ही खाणं, पट्टे, शाम्पू, मांजराची रेती विकतो. गोळी देत नाही. आपल्याला सहज चालणारी पॅरासिटामॉल मांजराच्या जिवावर बेतते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात अल्सर होतात, किडनी जाते. तेव्हा रागावू नका, डॉक्टरांकडे जा.

आणि डॉक्टर ठरवायचे ते प्राणी धडधाकट असताना. रात्री अकराला ओकणारं पिल्लू मांडीवर घेऊन मोबाइलवर दवाखान्यांचे तारे मोजायची वेळ येऊ नये. घोडबंदर रोडला राहत असाल तर संध्याकाळचा ट्रॅफिक धरून अंतर मोजा. मोठा कुत्रा दिसला की बरेच रिक्षावाले थांबत नाहीत, तोही हिशोब करा. पहिल्यांदा नुसतं वजन करायला म्हणून जाऊन या. डॉक्टर बी.व्ही.एस्सी. (पशुवैद्यकाची पदवी) आहेत का, राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणी आहे का, रात्री फोन उचलतात का आणि नाही तर कुणाकडे पाठवतात, हे सरळ विचारा. चांगले डॉक्टर अशा प्रश्नांनी चिडत नाहीत.

आता पैशांचं. सगळ्यात महाग पडते ती चुकवलेली लस. पिल्लाची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, आणि रेबीजची तीन महिन्यांनंतर. पार्व्हो, म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा विषाणूचा आजार, झालेल्या पिल्लाला दिवसचे दिवस सलाइन लावावं लागतं; त्या बिलापुढे लसी किरकोळ. लस दिल्यावर बाटलीवरचं स्टिकर पुस्तिकेत चिकटवून घ्या. कुत्रा पाळायच्या महापालिकेच्या परवान्यालाही रेबीजच्या लसीचा दाखला लागतो. 6 जुलैला प्राणिजन्य रोग दिन असतो, तेव्हा सरकारी दवाखान्यांत बऱ्याच ठिकाणी रेबीजची लस मोफत देतात. सोसायटीत चार-पाच कुत्री असतील तर डॉक्टरांना एकदाच घरी बोलवा आणि व्हिजिटची फी वाटून घ्या. आमच्या मागच्या इमारतीतले लोक हेच करतात.

आजारपणात डॉक्टरांना विचारा, "आज कोणती तपासणी हवीच आणि कोणती दोन दिवस थांबू शकते?" लाजू नका. गोचीडतापावर बऱ्याचदा देतात ती डॉक्सीसायक्लिन माणसांचीच असते, जेनेरिक दुकानात स्वस्त मिळते. डोस मात्र डॉक्टरांनी वजन बघून लिहिलेलाच. विमा काढायचा तर प्राणी लहान असताना काढा. आधीपासूनचा आजार त्यात सहसा धरत नाहीत.

खासगी खर्च झेपत नसेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे. बाई साकरबाई हे त्याचं खरं नाव, पण ते कुणी घेत नाही. मुंबईचं पशुवैद्यक महाविद्यालय 1886 पासून त्याच आवारात आहे. रांग लागते, सकाळी लवकर निघा. 1962 हा सरकारी फिरत्या पथकाचा नंबर मुख्यतः गुराढोरांसाठी आहे, त्यावर विसंबून राहू नका.

पैशांसाठी थांबू नये अशा दोन गोष्टी. मागच्या पावसाळ्यात एक ताई रेचक मागायला आल्या. बोका सकाळपासून रेतीच्या ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, बद्धकोष्ठ झालंय म्हणाल्या. रेती कोरडी होती. म्हणजे लघवीच होत नव्हती. बोक्याची लघवी तुंबली तर दिवस-दोन दिवसांत जीव जातो. त्यांना तसंच दवाखान्यात पाठवलं, बोका वाचला. दुसरी गोष्ट हिरड्या. कुत्र्याचा ओठ वर करून बघायची सवय ठेवा. गुलाबी असतील तर ठीक. पांढरट किंवा पिवळट दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

जवळच्या दवाखान्यांची यादी काउंटरवर ठेवली आहे, वेळा आणि रात्रीची सोय यांच्यासकट. त्यातल्या कुणाकडूनही आम्ही कमिशन घेत नाही. जाऊन आलात की अनुभव सांगा, बरा असो की वाईट. यादी त्यावरूनच दुरुस्त करतो.