दोन ऑपरेटिंग सिस्टीम, एकच सातबारा

इंजिनिअरिंगचं नवं वर्ष सुरू झालं, की सांगलीच्या विश्रामबागेतल्या माझ्या टेबलावर एकाच तक्रारीचे लॅपटॉप यायला लागतात. काळा स्क्रीन, वरच्या कोपऱ्यात 'असं पार्टिशन (डिस्कचा हिस्सा) नाही' या अर्थाची इंग्रजी ओळ आणि तिच्याखाली 'ग्रब रेस्क्यू' लिहून लुकलुकणारा कर्सर. मुलगा सांगतो, "काका, मी काहीच केलं नाही. विंडोजमध्ये एक रिकामी ड्राइव्ह दिसत होती, तिला नाव नाही की अक्षर नाही. तेवढी काढून टाकली." ती 'रिकामी' ड्राइव्ह म्हणजे त्यानेच महिन्यापूर्वी प्रॅक्टिकलसाठी टाकलेलं उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक अवतार. लिनक्सची फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायची पद्धत, विंडोजला आपणहून वाचता येत नाही, म्हणून तिथे बिनअक्षराचा एक तुकडा दिसतो. त्याचं विंडोज बहुतेक वेळा शाबूत असतं. मारला गेलेला असतो तो फक्त तिथवर पोचवणारा.

हा पोचवणारा म्हणजे बूट लोडर, मशीन सुरू होताच ऑपरेटिंग सिस्टीम चालू करून देणारा छोटा प्रोग्रॅम. मराठी नाटकाचा उगम मिरवणाऱ्या सांगलीत त्याला सूत्रधार म्हटलं की चटकन कळतं: पडदा उघडायच्या आधी येतो, नांदी म्हणतो, मुख्य पात्राला रंगमंचावर आणतो. विष्णुदास भाव्यांचा सूत्रधार पुढेही गात राहायचा, हा मात्र काम झालं की निघून जातो. म्हणूनच मशीन बंद पडेपर्यंत त्याची कुणाला आठवण होत नाही.

एका डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीमचं हे भांडण १९८३ सालचं आहे. आयबीएमचा पहिला पीसी १९८१ मध्ये आला, तो फ्लॉपीवर चालायचा. मार्च १९८३ मध्ये पीसी एक्सटी आला, त्यात १० एमबीची हार्ड डिस्क होती, आणि तिच्यासाठी डॉस या ऑपरेटिंग सिस्टीमची २.० आवृत्ती. या डिस्कच्या अगदी पहिल्या सेक्टरला, म्हणजे कप्प्याला, मास्टर बूट रेकॉर्ड हे काम मिळालं. सेक्टर ५१२ बाइटांचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या प्रोग्रॅमला, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्याला, शेवटचे दोन बाइट सहीशिक्क्याला. तक्त्यातली एक नोंद १६ बाइटांची, म्हणजे नोंदी चारच. डिस्कचा हा सातबाराच म्हणा ना. खातेदार चार, पाचवा आला की त्यातल्या एकाला 'एक्स्टेंडेड' करून त्याच्या पोटात पोटहिस्से पाडायचे.

एका डिस्कवर एकाहून जास्त ऑपरेटिंग सिस्टीम राहतील, हे तक्ता आखणाऱ्यांना ठाऊक होतं. तो आखलाच त्यासाठी. घोळ झाला तो वरच्या ४४६ बाइटांत. जमीन चौघांची, पण वेशीवरची पाटी एकच. जो शेवटी येईल तो आधीची पुसून आपली लावणार. विंडोज ९५ आणि ९८ काय, एक्सपी काय, इन्स्टॉल करताना या जागेवर बिनदिक्कत आपला प्रोग्रॅम लिहीत. शेजारी कोण राहतो याची चौकशीसुद्धा नाही. लिनक्सवाल्यांनी निदान मेनूत विंडोजला जागा दिली. 'आधी विंडोज, मग लिनक्स' हा नियम तिथून आला.

लिनक्सचा सुरुवातीचा गाजलेला बूट लोडर म्हणजे लिलो. वेर्नर आल्म्सबर्गर यांनी तो १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिला. बिचाऱ्याला फाइल सिस्टीम कळायची नाही. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिस्कवर नेमका कोणत्या ब्लॉकमध्ये आहे, ते आकडे पाठ करून ठेवायचा. नवा कर्नल टाकला आणि लिलोची आज्ञा पुन्हा चालवायला विसरलात, की दुसऱ्या दिवशी मशीन उभं राहात नसे. बरं, तो आपलं नाव एकेक अक्षर छापत पुढे सरकायचा. स्क्रीनवर नुसतं 'एल' आलं तर पहिला टप्पा झाला, 'एलआय'वर अडला तर दुसरा टप्पा मेमरीत आला पण चालला नाही, चारही अक्षरं आली तर सुटलो. अडलेल्या अक्षरावरून दुखणं ओळखायचं, हे नाडी बघण्यासारखंच होतं. आजच्या इंग्रजी एरर मेसेजांपेक्षा मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. शिवाय मशीन सुरू करणाऱ्या जुन्या बायोस प्रोग्रॅमला डिस्कचे पहिले १०२४ सिलिंडरच वाचता येत, म्हणून कर्नल पहिल्या सुमारे ८ जीबीत ठेवायचा हाही एक जाच.

पुढच्या ग्रब या बूट लोडरने पाठांतर बंद केलं. एरिक बोलेन यांनी १९९५ मध्ये तो ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या हर्ड या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहायला घेतला आणि १९९९ मध्ये तो ग्नू प्रकल्पात आला. ग्रबला फाइल सिस्टीम स्वतः वाचता येतात, फाइलीचं नाव सांगितलं की तो शोधून काढतो. पण एवढी अक्कल ४४६ बाइटांत मावणार कशी? मग त्याने बांधालगतची पडीक जागा धरली. पहिलं पार्टिशन त्या काळी ६४व्या सेक्टरपासून सुरू व्हायचं, मधले ६२ सेक्टर कुणाच्याच नावावर नव्हते. ग्रबचा पुढचा भाग तिथे बसला. गंमत अशी, की विंडोजवरची काही विकतची सॉफ्टवेअरंही आपल्या लायसन्सची खूण गुपचूप तिथेच लिहून ठेवत. एका अतिक्रमणावर दुसरं अतिक्रमण. विंडोजमध्ये सॉफ्टवेअर चालू करावं आणि पुढच्या वेळी लिनक्सचा मेनू गायब, हे कोडं लोकांना महिनोन्‌महिने सुटत नसे.

आमच्याकडे ड्युअल बूट, म्हणजे एकाच मशीनवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम, खऱ्या अर्थाने पसरलं ते उबुंटूच्या फुकट सीड्यांमुळे. २००५ ते २०११ या काळात नाव-पत्ता कळवला की सीडी पोस्टाने घरी येई. वर्ग भरून मुलांनी त्या मागवल्या. त्याच वर्षांत भारनियमनही जोरात होतं. लिनक्सला जागा करायला सी ड्राइव्ह आक्रसायला लावायची आणि निम्म्यावर वीज जायची. मी त्या काळात वेळापत्रक बघूनच पार्टिशनला हात घालत असे.

त्या काळचा उपाय आजही पाठ आहे. इन्स्टॉल न करता चालणाऱ्या लाइव्ह सीडीवरून लिनक्स सुरू करायचं, मूळ पार्टिशन माउंट करून (जोडून) आत शिरायचं, ग्रब-इन्स्टॉल, मग अपडेट-ग्रब या आज्ञा द्यायच्या. नुसतं विंडोज हवं असेल तर त्याच्या सीडीवरून फिक्सएमबीआर ही आज्ञा. अडचण अशी, की मुलं हीच जुनी औषधं आजच्या मशीनला पाजतात.

कारण दरम्यान दुखणंच बदललं. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात इंटेलने आपल्या इटॅनियम प्रोसेसरच्या मशीनसाठी बायोसला पर्याय म्हणून ईएफआय तयार केलं. २००५ मध्ये कंपन्यांचं मंडळ स्थापन झालं आणि त्याचं यूईएफआय झालं. सोबत जीपीटी हा नवा सातबारा आला: नोंदी १२८, शिवाय डिस्कच्या शेवटी एक नक्कल. जुन्या तक्त्याची २ टीबीची मर्यादाही गेली. बूट लोडरांसाठी आता फॅट पद्धतीचं स्वतंत्र पार्टिशन असतं, त्यात विंडोजचा फोल्डर वेगळा, उबुंटूचा वेगळा. म्हणजे भांडण मिटायला हवं होतं. ते मदरबोर्डच्या मेमरीतल्या यादीवर गेलं. आधी कोण, एवढंच त्या यादीत लिहिलेलं असतं. विंडोजच्या एखाद्या मोठ्या अपडेटनंतर तिथे विंडोज वर सरकतं आणि मुलगा म्हणतो, "उबुंटू उडालं." काही उडालेलं नसतं. मशीनच्या सेटअपमध्ये जाऊन क्रम बदलायचा, दोन मिनिटांचं काम. त्याऐवजी पेनड्राइव्ह जुन्या लिगसी, म्हणजे बायोसच्या, पद्धतीने सुरू करून ग्रब टाकला, तर तो बायोसवाला ग्रब बसतो आणि एकाची दोन दुखणी होतात. मी आधी लाइव्ह लिनक्समध्ये 'सिस'खालच्या 'फर्मवेअर'मध्ये 'ईएफआय' नावाचा फोल्डर आहे का, तेवढं बघतो. तो नसेल तर पेनड्राइव्हच चुकीच्या दाराने आत आलाय.

२०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर सिक्युअर बूट आलं. ज्याच्यावर ओळखीची सही नाही तो बूट लोडर चालणार नाही. बाजारातल्या बहुतेक मशीनमध्ये मायक्रोसॉफ्टच्या किल्ल्या असतात, त्यामुळे लिनक्सवाल्यांनी 'शिम' नावाचा छोटा दुवा मायक्रोसॉफ्टकडून सही करून घेतला. तो ग्रबला ओळखतो, ग्रब लिनक्सला. २०२० मध्ये ग्रबमध्ये 'बूटहोल' नावाची खिंडारं सापडली आणि जुन्या, सदोष आवृत्त्या पिढीवार नाकारण्याची एसबॅट ही पद्धत ठरली. ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटमध्ये हाच नियम आला. ड्युअल बूट मशीनला तो लागू होणार नाही असं मायक्रोसॉफ्टने सांगितलं होतं, पण सगळीच तशी मशीन ओळखता आली नाहीत. शिमची पडताळणी फसल्याचा संदेश आणि मशीन बंद.

त्या आठवड्यात एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला. उपाय सोपा होता: सिक्युअर बूट बंद, लिनक्समध्ये शिरून एसबॅटचा नियम पुसायचा, सिक्युअर बूट परत चालू. बंद केल्यावर लिनक्स उघडलं, पण मधेच चुकून विंडोज सुरू झालं आणि त्याने बिटलॉकर या डिस्कच्या कुलपाची ४८ आकडी किल्ली मागितली. डिस्क कुलूपबंद आहे हेच पोराला माहीत नव्हतं. किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आणि लॅपटॉप घेताना ते खातं दुकानदाराने स्वतःच्याच मोबाइलवरून उघडून दिलं होतं. मग दुकानात फोन. पलीकडून दुकानदार सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचत गेला, हा टाइप करत गेला, आणि पाचव्या गटाला दोघांचीही गडबड झाली म्हणून पुन्हा पहिल्यापासून.